कोरी राहिलेली पाठ

कुठं दुखतं, हा प्रश्न मला दोन वर्षांत इतक्या जणांनी विचारला की शेवटी शेवटी मी उलट विचारायचे, कुठं दुखत नाही ते सांगू का? पटकन होईल.

माझं सासर पेणचं आणि माहेर रोह्याच्या नदीपलीकडचं, अष्टमीचं. बावीस वर्षं मी पेणच्या एका गणपती कारखान्यात आखणी करते. बाहेरच्यांना सांगायचं तर मूर्ती रंगवून झाली की सगळ्यात शेवटी डोळे काढतात, ते काम. भुवई, पापणीची रेघ, बुबुळ आणि बुबुळातला तो पांढरा ठिपका. बाकीचं काम हाताखाली राहून कोणीही शिकतं. आखणीला मात्र कारखान्यात दोघी-तिघीच असतात आणि त्यांचा तोराही असतो. माझाही होता, खोटं कशाला बोलू.

हे लिहितेय ते ज्यांना रोज दुखतं आणि ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. गोळ्यांची नावं विचारू नका, माझी गोळी तुम्हाला चालेल असं काही नसतं. आणि मला सलग बसून लिहिता येत नाही. थोडं लिहिते, उठते, ओट्यापर्यंत जाऊन येते, मग पुढचं. त्यामुळे हे असंच तुकड्यातुकड्यांत असणार.

*

आषाढ संपत आला होता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी जेवून पुन्हा मूर्तीच्या पाटापुढे बसले आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या आल्या. हात झटकला, कुंचला पुन्हा धरला. मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी आग आली, ढीगभर मिरच्या चिरल्यावर बोटं भगभगतात तशी.

आठवडाभरात ते मनगटावरून कोपरापर्यंत चढलं. सकाळी बधिर, दुपारी आग, संध्याकाळी ठणका. मधेच एखादी चमक अशी यायची की हातातली वाटी सुटायची. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघा, कळ, सणक, ठणका, टोचणी, ओढ. माझ्या एका हातात सगळे नांदत होते आणि एकही रात्रभर मुक्काम करत नव्हता. त्यामुळे सांगायचं तरी काय, तेच कळेना.

म्हणून सांगितलंच नाही. आखणीवाली बाई हात दुखतो म्हणाली की संपलं. आमचे मालक, त्यांना सगळे नाना म्हणतात, माणूस चांगला, पण मोसमात त्यांनाही दुसरी बाई बसवावीच लागणार. मी सकाळी गरम पाण्यात हात बुडवून यायचे, बाहीच्या आत क्रेपची पट्टी गुंडाळायचे आणि बसायचे. एकदा एका भुवईची रेघ कानाकडे घसरली. नाना मागे उभे होते.

"वैशाली, काय झालं गो?"

"काय नाय नाना. झोप झाली नाय."

माझ्या शेजारी कुसुम बसते. अठरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो. तिनं पुसायचा बोळा माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, चला, चतुर्थी झाली की हात आपोआप निवेल. चतुर्थी झाली, विसर्जनं झाली, कारखान्यातलं काम थांबलं. दुखणं थांबलं नाही.

*

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसणं हे एक वेगळंच काम आहे. बसणं म्हणतेय, पण मी बसत नव्हतेच. खुर्चीत पाच मिनिटं झाली की हाताला कुठं ठेवू असं व्हायचं. मांडीवर ठेवला तर जड, लोंबता सोडला तर आग, छातीशी धरला तर जरा बरं. म्हणून छातीशी हात धरून दवाखान्याच्या बोळात येरझारा घालायचे. नर्स म्हणायची, ताई बसा, चक्कर येईल. मी म्हणायचे, मला बघून तुम्हाला येत असेल.

डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतं? मी हात पुढे केला. काम काय? सांगितलं. त्यांनी मनगट दाबलं, वाकवलं, टिचक्या मारल्या आणि म्हणाले, मनगटात नस दाबली जातेय. बारीक काम करणाऱ्यांना होतं.

खरं सांगते, मला आनंद झाला. दुखण्याला नाव मिळालं. घरी येताना वाटेत अर्धा किलो जिलेबी घेतली.

मग मनगटाला पट्टा. मग मेणाचा शेक, त्या वितळलेल्या मेणात हात बुडवायचा, ते मात्र सुखाचं होतं. मग मनगटात इंजेक्शन. इंजेक्शनानं दहा-बारा दिवस बरे गेले आणि मग पहिले पाढे पंचावन्न. पुढचा अख्खा मोसम मी निम्मा काम करत, निम्मा कण्हत काढला. गणपती गेल्यावर डॉक्टरांनी हाताला बारीक बारीक शॉक देऊन नसांची तपासणी करून घेतली. ती आली नॉर्मल. तेही जरा गोंधळले. म्हणाले, काही जणांत तपासणीत येत नाही, पण लक्षणं तीच आहेत, एक छोटं ऑपरेशन करून मनगटातली नस मोकळी करू. दिवाळीनंतरची तारीख ठरली.

त्या डॉक्टरांना मी आजही दोष देत नाही. मी जेवढं दाखवलं तेवढं त्यांनी बघितलं.

नाना घरी येऊन गेले. चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बोटीनं परदेशी जाणाऱ्या गणपतींची आखणी माघात काढायची हाय. तोपर्यंत तुझा पाट मी रिकामा ठेवतो. पण माघ टळला तर नाय जमायचं गो." त्यांनी रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

*

नॉर्मल हा शब्द घरात आला आणि माझं जिणं हराम झालं.

माझा नवरा संतोष डोलवीला कंपनीत काँट्रॅक्टवर आहे. शिफ्ट करून येतो, अंगाचा पिट्टा पडलेला असतो. त्यानं रिपोर्ट वाचला, घडी केली, पिशवीत ठेवला.

"नॉर्मल हाय ना? मग झालं की. उगा डोक्यात घेऊ नको."

"डोक्यात नाय घेतलं. हातात हाय."

"अगो पण मशीन काय खोटं बोलतंय?"

"मग मी खोटं बोलते?"

त्यानं चपला घातल्या आणि बाहेर गेला. ते जाणं म्हणजे उत्तरच होतं. मी हातातली पळी मोरीत फेकली. त्या फेकण्यानंच अशी कळ आली की खाली बसले.

मग कारणं सांगणारे सुरू झाले. एक म्हणे फ्रीजचं पाणी. एक म्हणे मोबाइल, आणि माझ्याकडे तेव्हा बटणाचा फोन होता. वात, थंड फरशी, चुकीची उशी, गव्हाची पोळी. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, त्याचं मला काही नाही, माया असते त्यात. पण मग त्या हळूच म्हणाल्या, "देवाचं काम हाय गो. डोळे काढताना तुझ्याकडून काय चुकलं असंल."

ते मात्र आत जाऊन बसलं. मी हसण्यावारी नेलं आणि मग आठ दिवस मनात एकेक मूर्ती काढून बघत होते. पाळीच्या दिवसांत काढलेले डोळे, उष्ट्या हातानं धरलेला कुंचला, रागात काढलेली भुवई. बावीस वर्षांत किती निघेल. दुखणं एकवेळ सोसतं माणूस, पण ते कशाचं तरी शासन आहे असं वाटायला लागलं की झोपच उडते.

आणि कुसुम. नळावर कोणीतरी मला सांगितलं की कुसुम म्हणते, वैशालीचं नाटक हाय, बसून खायची सवय लागली. अठरा वर्षांचा डबा. मी तिचा फोन घ्यायचा बंद केला.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला तर वाटायचं, माझा हात तुटून लोंबला असता तर बरं झालं असतं, लोकांना दिसला तरी असता.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. त्याच दिवसांत माझा हात डोक्यापर्यंत जाईना. चार दिवस मी केस तसेच गुंडाळून फिरत होते. रविवारी संतोष माझ्या मागे येऊन बसला आणि कंगवा घेतला. लोखंड उचलणारे हात ते, गुंता काढताना निम्मे केस उपटले. वेणी अशी घातली की बाजूनं बघितलं तर प्रश्नचिन्ह. सासूबाई दारातून बघत होत्या. माझ्या दुखण्यावर विश्वास नसलेला माणूस माझी वेणी घालत होता. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

*

ऑपरेशनला महिना उरला असेल. आईचा अष्टमीहून फोन आला.

"रोह्यात एक डॉक्टरीण बसते आठवड्यातनं दोन दिवस. जुनी दुखणी बघते म्हणं. हात कापायच्या आधी एकदा येऊन जा गो."

"कापत नाय आई, छोटं ऑपरेशन हाय."

"छोटं का मोठं, हात तर तुझाच ना?"

गेले. पेणहून नागोठण्यामार्गे एसटी. गाडीत जागा होती तरी मी दांड्याला धरून उभी, दर दहा मिनिटांनी हात बदलत. कंडक्टर म्हणाला, ताई जागा हाय, बसा की. म्हटलं, बसवत नाय. तो माझ्या पोटाकडे बघून अदबीनं बाजूला झाला. मी पोटुशी आहे हा त्याचा गैरसमज मी दूर केला नाही.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक, बोलायला सावकाश. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी हात धरलाच नाही. एक कागद दिला. त्यावर माणसाची दोन चित्रं होती, नुसती बाह्यरेषा. एक पुढून, एक मागून.

"घरी न्या. पंधरा कागद देते. रोज संध्याकाळी एक. जिथं दुखलं तिथं रंग भरा. जसं दुखलं तसा रंग. विचार करू नका, फक्त भरा."

मला कागद बघूनच त्रास झाला. चित्रातल्या माणसाचे हात आखूड, डोकं लहान, बोटं तर पालीची. आईकडे ओटीवर बसून मी पहिल्यांदा ती बोटं नीट केली. मग रंग घेतले. आगीला लाल, बधिरपणाला निळा, मुंग्यांना पिवळे ठिपके, ठणक्याला जांभळा. मनगटावर लाल गडद आणि कोपराकडे जाताना फिका. पंधरा दिवसांत पंधरा चित्रं झाली. दुखऱ्या हातानं काढलेली होती तरी, खरं सांगू, छान झाली होती. इतक्या दिवसांनी रंग हातात घेतला म्हणून मी मनातून खूश होते. बाईंपुढे कागद ठेवताना मला शाबासकीच हवी होती.

त्यांनी सगळे कागद एकापुढे एक टेबलावर मांडले. बराच वेळ बघितलं.

"सुंदर आहेत," म्हणाल्या. मग दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. "आणि ही बाजू?"

"ती मागची."

"हो. पंधराही दिवस कोरी आहे. मागे काहीच दुखत नाही?"

"मागची कोण बघतं?"

हे माझ्या तोंडून असं सहज गेलं. आमच्याकडे घरगुती मूर्तीच्या पाठीला एक हात रंग मारतात आणि सोडतात. मखरात बसल्यावर पाठ भिंतीकडे जाते, तिच्यावर कोण वेळ घालवणार? कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी पंधरा दिवस, पंधरा वेळा, मागचा माणूस बघितला आणि तो मला रंगवायचा आहे असं वाटलंच नाही.

बाई हसल्या नाहीत. "मी बघते," म्हणाल्या आणि उठून माझ्या मागे गेल्या. मान जिथं पाठीला मिळते तिथं, जरा उजवीकडे, त्यांनी अंगठा दाबला. मग मान थोडी तिरकी करून वरून हलकासा भार दिला. कळ निघाली ती खांद्यावरून, दंडातून, थेट अंगठ्याच्या नखापर्यंत. मी टेबल धरलं.

"हीच का रोजची?"

हीच होती.

"पाठ, मान आधीपासून दुखत होती का?"

दुखत होती. दहा वर्षं तरी. पण पाठ दुखणं हे मी दुखण्यात धरलंच नव्हतं. कारखान्यात सगळ्यांचीच दुखते, ते आपलं घाम येतो तसं. मी हाताचं दुखणं घेऊन गावभर फिरले आणि मानेबद्दल एका डॉक्टरला चकार शब्द सांगितला नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे ऐकलं होतं, इथं म्हशीनंच पखाल पुढे केली होती.

*

पुढच्या खेपेला त्यांनी मला काम करून दाखवायला सांगितलं. पेणहून संतोषच्या हाती एक न आखलेली मूर्ती आणि माझा पाट मागवला. दवाखान्याच्या फरशीवर बसून मी एक डोळा आखला. बाई कुंचल्याकडे बघतच नव्हत्या. मागून मोबाइलवर शूटिंग करत होत्या.

मग ते मला दाखवलं. बावीस वर्षांत मी स्वतःला काम करताना मागून कधी बघितलं नव्हतं. मान खाली तुटून पडल्यासारखी, उजवा खांदा कानाला चिकटलेला, कंबर एका बाजूला कललेली. आणि मी हलत नव्हते. अजिबात.

"श्वास कधी घेतलात?" त्यांनी विचारलं.

"रेघ संपल्यावर. मधे घेतला तर रेघ हलते."

"दिवसात अशा किती रेघा?"

मी हसले. मग हिशोब करायला लागले आणि हसू थांबलं.

त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मानेतून हाताकडे जाणारी नस तिथं वर, मुळाशी वैतागलेली आहे. दुसरी गोष्ट समजायला मला वेळ लागला. दुखणं खूप दिवस राहिलं की नसा स्वतःच शिकतात दुखायला. दारावरच्या बेलचं बटण कधीकधी आत अडकून बसतं ना, तसं. दारात कोणी नाही, बेल वाजतेच आहे.

"म्हणजे खोटंच दुखतंय," मी म्हटलं. घरी जे ऐकत होते तेच आलं तोंडात.

"बेल खोटी कशी? वाजते आहे, तुम्हाला ऐकू येते आहे, तुमची झोप उडते आहे. तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. फक्त जेवढं दुखतंय तेवढी इजा आत असेलच असं नाही."

शंभर टक्के खरं आहे. दीड वर्षात हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. मी तिथं त्यांच्यासमोर हमसून हमसून रडले. माझ्या लेखी माझ्या निदानाचा दिवस तो.

पण लगेच दुसरा घाव बसला. विचारलं, बरी कधी होईन? म्हणाल्या, "कमी होईल. पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही. जाऊ शकतं, राहूही शकतं. तुम्हाला काम करता यावं, एवढं आपण करू."

रागानं माझं डोकं फिरलं. एवढ्या लांब येऊन, पाठ दाखवून, रडून, आणि वर हे? बाहेर येऊन मी आईवर खेकसले. पुलावरून अष्टमीला तरातरा चालत निघाले. आईनं माझी पिशवी घेतली आणि माझ्या चालीनं चालत राहिली. पेणच्या डॉक्टरांशी बाई फोनवर बोलल्या. त्यांनी मोकळेपणानं ऑपरेशन रद्द केलं, एवढं त्यांचं मोठेपण.

*

आईकडे मी दीड महिना राहिले. रोज सकाळी पूल ओलांडून व्यायामाला. मानेला पट्टा अडकवून हलकं वजन लावून ओढायचं, मग शेक, मग भिंतीला पाठ टेकवून हात वर सरकवायचे. श्वास घेत हात हलवायचा, हे मला शिकवावं लागलं. चव्वेचाळीसाव्या वर्षी श्वास घ्यायला शिकणारी बाई बघितली आहे का? रात्रीची एक गोळी होती, ती मनाच्या आजारातही देतात. सासूबाईंना कुठून तरी कळलं, फोनवर म्हणाल्या, वेड्याची गोळी घेतेस? म्हटलं, व्हय, घरात एक तरी शहाणं असावं म्हणून.

तिथं अष्टमीच्याच एक झुलेखा खाला गुडघ्यांसाठी यायच्या. दोन्ही मुलगे दुबईला. अकरा वर्षं गुडघे दुखतात म्हणाल्या. मी विचारलं, खाला, कंटाळा नाय येत? त्या म्हणाल्या, "येतो ना. मग मी त्याला सांगते, तू बस हितं, मी बाजारात जाऊन येते." मला ते औषधापेक्षा लागू पडलं. रोज पडायचं असं नाही, पण पडायचं.

सगळ्यात घातकी काय असतं सांगू? चांगला दिवस. एका सकाळी उठले तर हात हलका. एवढा आनंद झाला की आईच्या दोन गोधड्या धुतल्या, माळा झाडला, नारळ खोवला. पुढचे पाच दिवस आडवी. बाई ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, चांगल्या दिवशीही तेवढंच आणि वाईट दिवशीही तेवढंच. दुखल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं. मोबाइलवर गजर लावायचा, बारा मिनिटं काम, गजर झाला की उठायचं. हातात काय आहे ते बघायचं नाही. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला हे शिकताना नाकी नऊ आले.

संतोष सुटीच्या दिवशी आला. बाईंनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, बेलचंही. तो मान हलवत होता, कळलं का नाही ते मला कळेना. परत येताना पुलाच्या मध्यावर थांबला.

"आमच्याकडं एकदा सायरन अडकला होता. कायच झालं नव्हतं, पण तो वाजतच व्हता. अर्धा दिवस. माणसं येडी व्हायची पाळी आली."

"तसंच."

"मग ते खोटं नसतं गो." तो खाली नदीकडे बघत होता. "मला आधी कळाय पायजे व्हतं."

बोलले असते तर भांडणच काढलं असतं. त्याचा हात धरला, डाव्या हातानं.

*

माघात मी कारखान्यात गेले. पाट दोन खोक्यांवर चढवला, म्हणजे मूर्ती डोळ्यांसमोर येते आणि मान वाकत नाही. मी स्टुलावर. सगळ्या खाली मांडी घालून आणि मी एकटी वर. कुसुम माझ्याकडे न बघता कुणाला तरी म्हणाली, "मॅडम बसल्या." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पहिले दोन गजर बरे गेले. उठायचं, दारापर्यंत जायचं, खांदे फिरवायचे, परत यायचं. नाना कोपऱ्यातून बघत होते. मला कळत होतं, ते मोजत होते. बोटीचा माल होता आणि माझ्यासारखं उठबस करत राहिलं तर तो कधी पुरा व्हायचा.

तिसरा गजर झाला तेव्हा मूर्तीचा उजवा डोळा पूर्ण झाला होता आणि डावा कोरा होता.

आमच्याकडे एक नेम आहे. एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय उठायचं नाही. देवाला एकाक्ष ठेवू नये म्हणतात. घरून मयताचा निरोप आला तरी आधी दुसरा डोळा, मग पाट सोडायचा. मी असं होताना बघितलं आहे. आणि त्यात कामाचंही कारण आहे, हाताची लय एकदा मोडली की दुसरा डोळा पहिल्यासारखा उतरत नाही.

गजर वाजत राहिला. मी तो बंद केला. हात ठीक होता. मान ठीक होती. अजून तीन-चार मिनिटांचं तर काम, काय होतंय? दीड वर्षापूर्वीची मी नक्की बसले असते. कुंचला पुन्हा रंगात बुडवला आणि लक्षात आलं, श्वास रोखलेला आहे.

कुंचला ठेवला आणि उठले.

"वैशाली," नाना म्हणाले, "एक डोळा हाय गो तो. पुरा कर नि ऊठ."

"नाय नाना."

"अगो देवाचं..."

"देवाला माझी पाठ दिसते नाना. तो थांबंल."

कारखान्यात एकही कुंचला हलत नव्हता. मागच्या दारानं अंगणात गेले, उन्हात उभी राहिले. बावीस वर्षांची जागा गेली, हे मी स्वतःशीच बोलले सुद्धा. खांदे फिरवायला लागले तर डोळ्यांतून पाणी.

मागून कोणीतरी आलं. कुसुम होती. तिच्या हातात अजून रंगाची वाटी. मी तोंड फिरवलं.

"कसं फिरवतेस ते दाखव," ती म्हणाली.

"कशाला? नाटक शिकायचंय?"

मग वाटी खाली ठेवून तिनं उजवा हात वर उचलायला सुरुवात केली. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थरथरत थांबला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"वरीस झालं. पोलकं पण पोरगी घालून देते. कुणाला बोलू नको गो, नाना मला उठवतील."

मला तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. स्वतःच्या हातात आग घेऊन ही माझ्या आगीला नाटक म्हणत होती. आणि त्याच क्षणी कळलं की म्हणूनच म्हणत होती. मी नाटकी ठरले तर तिलाही काही झालेलं नव्हतं.

मी फोन काढला आणि रोह्याच्या दवाखान्यात लावला. पलीकडून मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. मी फोन कुसुमपुढे धरला. ती नको नको म्हणून मान हलवायला लागली. दारात नाना येऊन उभे होते, त्यांच्या मागे बाकीच्या दोघी-तिघी. कुसुमनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन घेतला. नाव सांगितलं. गाव सांगितलं. पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं.

"दुखतंय," ती मोठ्यानं म्हणाली. "लय दुखतंय."

नाना दारातून बाजूला झाले. आम्ही दोघी आत गेलो आणि मी तो डावा डोळा काढला.